व्याह्यांची बकरी आणि डोंग्याची मुदत

वैनगंगेचा घाट, सावलीजवळ
मार्गशीर्ष, सन १९५७

राजुरा मुक्कामी व्याही नानाजी यांस गुणवंतरावाचा दोन्ही हात जोडून रामराम. आपला खोकला उतरला असेल आणि विहीणबाईंचा गुडघा पायऱ्या चढू देत असेल, अशी आशा आहे. इकडे नातू खुशाल आहे. दात येत आहेत, हाती लागेल ते चावतो. त्याच्या दुधासाठी आपण पाठवलेली बकरीही तेच करते (ते पुढे येईलच).

सरकारला घाटावर माणसं पार न्यायला डोंगे विकत घ्यायचे होते, हे आपणांस ठाऊक आहे. एक नमुना आमच्या ढिवर नावाड्यांच्या संस्थेनं दिला, एक चांद्याच्या एका शेठनं. चांद्याच्या कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही डोंगे तिथल्याच अंगणात कोरड्या जमिनीवर पारखले आणि शेठचा पसंत केला, कारण त्याला निळा रंग होता. (नवरी पाहायला जावं आणि मांडव पसंत करून यावं, तसं झालं.) आमच्या पोरांच्या हातचं काम गेलं, आणि त्या निळ्या रंगात बसून नदी ओलांडायची ती आमच्याच बायापोरांनी.

निकालावर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत. निकालाचा कागद गावच्या चावडीवर लागला की ती सुरू होते. कागद लागला नेमका मंडईच्या जत्रेच्या दिवसांत. तेव्हा आमच्याकडे घरोघर पाहुणे, रातभर नाटक, आणि सकाळी पाहुण्याला जाऊ नका म्हणायची रीत. तोही खरंच जात नाही. भिंतीकडे पाहतो कोण? पाहुणे पांगले, निळे डोंगे येणार असं कानावर आलं, तेव्हा मी कोतवाल मनसारामाला गाठलं. मुदत परवाच सरली म्हणाला. कागद दाखव म्हटलं तर त्यानं मान खाली घातली.

"भाऊ, सकाळी भाताच्या पेजेनं चिकटवला. दुपारी पाहतो त तुमची बकरी भिंत चाटून राह्यली होती."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी पाहुण्याले वाढून राह्यले होते."

तसाच त्याला घेऊन चांदा गाठला. कारकुनानं मुदत टळली एवढंच सांगून चष्मा पुसायला घेतला. मग मनसारामानं साहेबांपुढे बकरीची सगळी हकीकत सांगितली. साहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते (हसू लपवायला खिडकी बरी पडते). शेवटी म्हणाले, जो कागद लोकांना वाचायलाच मिळाला नाही, त्याची मुदत सुरूच झाली नाही. नानाजी, त्या घडीला मला खुर्ची कोणी दिली नव्हती, तरी मी बसलो.

हरकत मानली गेली. या खेपेला डोंगे पाण्यात घातले. शेठचा डोंगा मधोमध जाऊन वाटीसारखा भरला आणि त्यातल्या कारकुनाला आमच्या पोरांनी काखेत धरून काढलं. (चष्मा नदीला गेला.) काम आम्हाला मिळालं. काल कितीतरी दिवसांनी घास गोड लागला. बकरी कोणाची, असं साहेबांनी विचारलं तेव्हा आपलं नाव सांगितलं. राग नसावा, मान आपलाच होता.

थोरांना दंडवत, लेकरांना आशीर्वाद. लिहिण्यात खडा राहिला असेल तर निवडून घ्यावा.

आपला,
गुणवंतराव

ता. क. आमच्या नावाच्या निकालाचा कागद काल चावडीवर लागला. आता हरकतीचे पंधरा दिवस शेठचे. कागद भिंतीवर राहिला तरच ते सरायचे. मनसाराम पेज सोडून दुसरं काही वापरायला तयार नाही.

आणखी ता. क. तरी मिळेल त्या गाडीनं येऊन आपली बकरी घेऊन जावी. दावं तिनं दोनदा खाल्लं. मुदत सरली की मानानं परत आणू.

शेवटचं. हे पत्र चावडीच्या ओट्यावर राखण करत लिहितो आहे. खालचा कोपरा नसेल तर तो मी फाडला, असं समजू नये.