भाजीच्या पिशवीवरचा कांदा

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? दुकानातल्या शिलाई मशीनवर पाय चालतो आणि जिन्यावर चालत नाही, असे मामींनी कळवले. आईची प्रकृती बरी आहे. माझीही आहे, असे समजा. घरात अजून चहा तीन कपच होतो. तिसरा मी पितो, त्यामुळे झोप कमी झाली आहे.

पत्रास कारण बाबांचे बिल्ले. सैन्यात असताना बाबा विमानातून पॅराशूटने उड्या मारत, असे आपण सगळे त्यांच्याकडून ऐकत आलो. बाबा गेल्यावर तुम्ही भेटायला आलात, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणालात, "भावजी कसले उड्या मारणार! गोदामात बसून पॅराशूट मोजली असतील." लोक हसले. मीही हसलो. (बाबाही हसले असते.) तुमचेही चुकले नाही. बल्ब बदलायला आई शिडीवर चढायची आणि बाबा खालून सूचना द्यायचे. विचारले तर म्हणत, "विमानातून उतरायचं असतं रे. शिडीवर चढावं लागतं."

पण तेव्हापासून मनात ते घोळत राहिले. बाबांच्या पत्र्याच्या डब्यात चार कापडी बिल्ले निघाले. मधे पॅराशूट, दोन्ही बाजूंना पंख. जुन्या नाण्या-तिकिटांच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ बसतात, त्यांना सगळे भिंगवाले म्हणतात. त्यांच्याकडे न्यायचे ठरवले. परक्या माणसाकडे बाबांची वस्तू मळकी कशी न्यायची, म्हणून चारही बिल्ले साबणाने धुतले आणि इस्त्री केली. (एकाचा रंग माझ्या बनियनला लागला. बनियन आता सैन्यात आहे.)

भिंगवाल्यांनी पहिला बिल्ला नाकाला लावला आणि विचारले, "साबण कुठला वापरता?" मग चारही उलटे केले. त्यांचे म्हणणे असे, की पुढची बाजू कोणीही विकत घेऊ शकतो, बघायची ती मागची. अंगावर वापरलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची जुनी भोके असतात आणि गणवेशाचे खाकी धागे मागे अडकून राहतात. उडी न मारता तो शिवून मिरवायची छाती सैन्यात कोणाची होत नाही. आमच्या चारांना भोक एकही नव्हते. "हे खेळण्याच्या दुकानातले," ते म्हणाले. मी बरे म्हटले आणि बिल्ले पिशवीत भरू लागलो.

तेवढ्यात त्यांनी पिशवीच धरली. आपली ती जुनी भाजीची पिशवी, मामा, खाली कोपऱ्यात ठिगळ असलेली. ठिगळावर कांदा काढलेला आहे, असे मी आजवर समजत होतो. भाजीच्या पिशवीला शोभतोही. भिंगवाले बराच वेळ भिंगातून बघत राहिले आणि म्हणाले, "हा कांदा नाही हो. पॅराशूट आहे." झिजून पंखांची कांद्याची पात झाली होती, एवढेच. मागची बाजू बघायला ठिगळ उसवावे लागेल म्हणून त्यांनी कात्री पुढे केली. माझ्याने ती हातात घेववेना. मी पिशवी काखेत मारून निघालो. त्यांच्या काउंटरवर चारही बिल्ले विसरलो, ते दुसऱ्या दिवशी आणले.

घरी येऊन शिलाई नीट पाहिली. प्रत्येक कोपऱ्यावर मशीन तीनदा मागेपुढे फिरवलेले आहे. माझ्या शाळेच्या सगळ्या चड्ड्यांवर हीच शिलाई होती. तेव्हा दुसरा शिंपी शोधायला नको.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. म्हणजे ठिगळ लावताना त्याची मागची बाजू तुम्ही पाहिली असणार. खाकी धागे होते का, एवढे एका ओळीत कळवा. असतील तर पत्र लिहा. नसतील तर काही न लिहिता नुसते चहाला या.

ता. क. दुसरा. पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "मामाला काय दिसणार? धागे मीच टाचणीनं उपसले होते, दुपारभर बसून. खाकी लोंबत होतं, बरं दिसत नव्हतं." बाबा तेव्हा म्हणाले होते, डब्यात कसर खाईल, पिशवीवर रोज बाजारात तरी जाईल. ते चार मात्र माझ्यासाठी आणलेले. मी लहानपणी खऱ्यासाठी रडायचो म्हणून. हे आधी का नाही सांगितलेस म्हटले, तर म्हणते, "मला कुणी विचारलं का?"

तेव्हा उत्तराची गरज उरली नाही. तरी या. तिसरा कप आहेच. कात्री आणू नका.