सत्तावीस गेम आणि एक केबीचा कचरा

सोमवार, ३ फेब्रुवारी

केलं. मीच केलं. दादाच्या हार्ड डिस्कवरच्या सगळ्या गेमची नावं बदलली. वही, तुला सांगतोय कारण तुला तोंड नाही.

विक्रमदादा, माझा मोठा भाऊ. आयटीवाला. घरातला एकुलता एक पगार. गेले तीन महिने हा माणूस शाळेच्या वेळच्या गेमच्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवत बसलाय. कंपनी पगार देते, आणि साहेब सीडीला टूथपेस्ट चोळून ओरखडे घालवतायत! वर्क फ्रॉम होम म्हणतात याला. उतरवून झाल्यावर सीड्या आणि तो जुना, टीव्हीला जोडून खेळायचा डबा नारायण पेठेत कुणा शौकिनाला विकून टाकला. म्हणे, "जागा होत नाही." आमच्या घरात चार वर्षं बंद पडलेल्या मिक्सरला जागा आहे!

म्हणजे आता गेम फक्त त्या डिस्कवर. दुसरीकडे कुठेच नाहीत.

रविवारी त्याचा शाळेतला मित्र आमोद येणार, येरवड्याहून. त्याच्यासमोर सगळे गेम लायब्ररीत चढवायचे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही — एक सॉफ्टवेअर, सगळे गेम फोटो लावून भिंतीवर मांडल्यासारखे दाखवतं. म्हटलं, आमोदसमोर पडद्यावर "रावसाहेबांची लुंगी" उगवू दे! (रावसाहेब म्हणजे आमच्या वारज्याच्या सोसायटीचे चेअरमन. लुंगी म्हणजे लुंगीच.) शिवाय "आईची करपलेली भाकरी", "पाणी उद्या येईल", "दादाचं लग्न अजून लोड होतंय". किती, ते मोजलं नाही. लिफ्टच्या दारावर "बंद आहे"ची पाटी लावून अख्ख्या सोसायटीला पाच मजले चढवलेलं, त्यानंतरचं माझं सर्वात मोठं काम.

प्रत्येक गेमच्या दोन फायली असतात. एक दांडगी, बिन. एक बारकी, क्यू — एक केबी! दांडग्यांची नावं बदलली. बारक्याकडे कोण बघतंय. कचरा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दादा ऑफिसला. मंगळवार-गुरुवार जातो. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. आईने दारापर्यंत सोडला, जसा काही सीमेवर चाललाय.

मी म्हटलं, ट्रायल घेऊ. सॉफ्टवेअरला फोल्डर दाखवलं. सत्तावीस सापडले! पण नावं जुनीच. लुंगी कुठेच नाही. एकावर क्लिक केलं — फाईल सापडत नाही. दुसऱ्यावर — सापडत नाही. सत्तावीसच्या सत्तावीस!!

लायब्ररीतली यादी पुसली आणि निकिताला फोन लावला. निकिता माझ्या वर्गात होती. बारावी तिने एकदा दिली, मी दोनदा, म्हणून ती आता कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आणि मी तिसऱ्यांदा फॉर्म भरून घरी.

"क्यूला हात लावलास?"

"छे, तो कचरा आहे ना."

"माठा! क्यू म्हणजे पत्ता. बिन म्हणजे घर. तू सगळ्या घरांवरच्या पाट्या बदलल्यास. पोस्टमन काय करणार?"

"मग?"

"मग काय. जुन्या पाट्या परत लाव."

"कुठली कुठे होती आठवत नाही."

मग म्हणाली, "सुदर्शन, तुझ्या नावाची एक बिन कर. झिरो केबीची."

बुधवार, ५ फेब्रुवारी

दादा दिवसभर घरी. हेडफोन लावून मीटिंगमध्ये. तीन तास एक शब्द बोलला नाही. असला जॉब मला मिळवून द्या कुणीतरी.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दादा गेल्यावर डिस्क कपाटातून काढली. निकिताने सांगितलेलं, क्यू नोटपॅडमध्ये उघडते. उघडली. वर "रेम" असं लिहून एक ओळ —

"रेम. या सीडीवर सुद्याने वरण सांडलेलं. तरी चालते."

निकिताला विचारलं, रेम काय भानगड आहे. म्हणाली, "रेमने सुरू झालेली ओळ मशीन सोडून देतं. ती वाचणाऱ्या माणसासाठी."

माणसासाठी! म्हणजे माझ्यासाठीच की. दादाने सगळ्या क्यूंमध्ये काहीबाही खरडून ठेवलंय. "रेम. दहावीच्या सुट्टीत आमोदने नऊ वेळा हरवलं. दहाव्यांदा लाईट गेली, देव आहे." "रेम. शेवटच्या राक्षसाला सुद्या घाबरायचा. मांडीवर बसून डोळे झाकून विचारायचा, मेला का?"

साफ खोटं आहे. मी डोळे झाकायचो नाही, बोटांच्या फटीतून बघायचो.

मग काम. एक बिन घ्यायची, अंदाजाने क्यूच्या नावाची करायची, चालवून बघायची. "रावसाहेबांची लुंगी" म्हणजे फुटबॉल निघाला. "करपलेली भाकरी" म्हणजे गाड्या. "दादाचं लग्न" एवढा हळू सुरू झाला की वाटलं, नाव बरोबरच होतं.

दुपारी निकिताचा फोन. "तुझा दादा आत्ता झेड ब्रिजखाली नदीकडे तोंड करून डबा खातोय."

"ऑफिसची नवी शाखा असेल," मी म्हटलं. "रिव्हर व्ह्यू."

ती हसली नाही. एरवी एवढ्यावर हसते.

पाच वाजेपर्यंत सव्वीस जुळले. सव्वीस!! मान मोडली. सत्तावीसावी क्यू "झेडझेड" नावाची, सगळ्यात खाली. आणि तिला द्यायला बिनच उरली नाही. परत मोजल्या. सव्वीसच. म्हणजे सोमवारच्या उत्साहात एक बिन माझ्याकडून उडाली. ती क्यू उघडून तरी काय बघू? घरच नाही, पत्त्याचं काय करायचं? तेवढ्यात लिफ्टचा आवाज. डिस्क कपाटात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

एक गेम मेला. मी मारला. सीडीही विकलेली. भेंडीची भाजी होती, तरी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. टेन्शनने.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सांगून टाकायचं ठरवलं. दादाच्या खोलीत गेलो. हेडफोन लावून बसलेला.

"दादा, एक सांगू? मारू नको."

"सुद्या, मीटिंगमध्ये आहे."

शनिवारी! आणि हेडफोनची वायर खुर्चीखाली नुसती लोंबत होती, कशालाच लावलेली नाही. मला टाळायला कसली कसली नाटकं! स्क्रीनसुद्धा बंद. त्यात आमच्या दोघांची तोंडं दिसत होती. त्याची दाढी वाढलीय.

नाही सांगितलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आमोद आला. आईने पोहे केले, करपले नाहीत, आश्चर्य!

दादाने फोल्डर दाखवलं आणि सगळे गेम भिंतीवर येऊन बसले. चालले पण! दोघं तिशी ओलांडलेले घोडे, पण "ए, तो बघ, तो बघ!" करत सोफ्यावर उड्या. दादा हसला. कधी हसला होता याआधी, आठवलंच नाही.

मग आमोदचं बोट खाली गेलं. "हा झेडझेड कुठला रे?"

मी पोह्यांच्या बशीत तोंड खुपसलं.

दादाने झटकन तो लायब्ररीतून काढून टाकला. "सोड. सीडी खराब होती ती."

वाचलो! स्वतःवर घेतलंन. असा भाऊ पाहिजे.

आमोदने विचारलं, "तुमच्याकडे माणसं कमी करतायत म्हणे?"

"तू गाडी निवड," दादा म्हणाला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दादा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन गेला. मेलेल्या गेमचं निदान नाव तरी बघावं म्हणून झेडझेड उघडली.

तिला बिन कधी नव्हतीच. तो गेमच नाही. नुसत्या रेमच्या ओळी.

"रेम. १४ नोव्हेंबर. काम गेलं. घरी सांगितलं नाही."

"रेम. ९ डिसेंबर. पाचवा इंटरव्ह्यू. नाही. आज फुटबॉल उतरवला."

"रेम. ३१ जानेवारी. सीड्या विकल्या. पैसे आईला पगार म्हणून दिले."

"रेम. सुद्याला कळता कामा नये. अख्ख्या वारज्यात टाळ्या पिटत सांगेल."

बंद केली. होती तशी, होती तिथे.

वही, पाया पडतो तुझ्या. लुंगीचं सांग. लिफ्टच्या पाटीचं सांग, रावसाहेबांना स्वतः जाऊन सांग. हे नको. कुणालाच नको. आईला नाही, निकिताला नाही. आणि मला कळलंय, हे दादाला तर अजिबात नाही.

तुला तोंड नाही ना? नक्की?