चिखलात लिहिलेली चिठ्ठी

बुधवार, दि. १९, सकाळचे साडेनऊ

चि. टाचणीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, माझे गुडघे सोडून. तुझी वहिनी उद्या तुझ्याकडे पोचेल. तिच्या पिशवीत हे पत्र आणि काडेपेटीएवढी एक डबी आहे. आधी पत्र वाच, मग डबी उघड. शुक्रवारच्या सुनावणीआधी दोन्ही झालं पाहिजे.

फोनवर का नाही, म्हणशील. रविवारी केला होता की. तू "बोल दादा" म्हणालीस आणि मी दहा मिनिटं पंख्याच्या आवाजाबद्दल बोललो.

तुझा तो हिरव्या डोळ्यांचा चतुर मोठा चिकाटीचा किडा आहे. वर्षभर पाण्याखाली दबा धरून बसायचं, दहा-बारा वेळा कात टाकायची, मग एका पहाटे लव्हाळ्याच्या काडीवर चढून पाठ फोडून बाहेर यायचं, आणि उरलेले चार आठवडे हद्दीवरून भांडायचं. संस्कृतात दोनदा जन्मणाऱ्याला द्विज म्हणतात. याला काय म्हणावं, यावर मी परवा वर्गात अख्खा तास घालवला. मुलं खूश. व्याकरण राहिलं.

मी विषय टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

वीटभट्टीमागची दलदल बुजवून तिथं गोदाम उभं राहणार की नाही, ते तुझ्या साक्षीवर ठरणार. हिरवा तिथंच जन्मतो हे सिद्ध झालं, तर दलदल वाचेल. तूच मला शिकवलंस, की उडता चतुर पुरावा नव्हे, तो कुठूनही येतो. काडीला चिकटलेली रिकामी कात मिळाली, तरच तो त्या पाण्यात जन्मला. दलदलीतल्या आणि पाणीपुरवठ्याच्या तळ्यातल्या काती वेगवेगळ्या गोळा करायला मला दोन डबे देताना तू एवढंच बजावलं होतंस, "दादा, डब्यावरची चिठ्ठी तिथंच लिहायची. चिखलात उभं राहून. घरी आणून नाही."

मी घरी आणून लिहिल्या.

माझ्या अक्षराचा मला किती गर्व आहे, तुला ठाऊक आहे. ओल्या कागदावर शाई फुटणार, हे काही सोसवेना. दलदलीचा डबा टेबलावर डावीकडे ठेवला, पाणीपुरवठ्याच्या तळ्याचा उजवीकडे, आणि आंघोळीला गेलो. परत येतो तो टेबल लखलखीत पुसलेलं, डबे जागच्या जागी. निदान तसे दिसत तरी होते. तेव्हाच शंका आली. वहिनीला विचारायचं, तर मी खुणा केल्या नव्हत्या हे कबूल करावं लागलं असतं. मग सुंदर अक्षरात लिहून टाकलं.

कुठली कात कुणाची, हे ओळखणारी तू. मला सगळ्या सारख्या. 'दलदल' लिहिलेल्या डब्यात तुला हिरव्याच्या अकरा काती सापडल्या आणि दुसऱ्यात एकही नाही. तू फोनवर रडलीस. तुझ्या साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केल्याचंही सांगितलंस. मी आभार मानले.

गेल्या आठवड्यात शेवटी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "उचलले, पुसलं, ठेवले. तुमचे डबे काय मला नावानं ओळख देतात?"

तेव्हापासून रोज पहाटे दलदलीत जातोय. हंगाम संपत आलाय. पाच पहाटे नुसते बेडूक. भट्टीवरचा राखणदार मला आता "गुरुजी, हरवलं का काही?" असं विचारत नाही, सरळ चहा देतो.

आज सहाव्या पहाटे एक काडीवर चढला. मी कमरेपर्यंत पाण्यात, श्वास रोखून. पाठ उकलली, ओला, चुरगळलेला जीव बाहेर आला, लोंबकळत राहिला, पंख ताणत गेला. दीड तासानं उडाला. मागे उरलेली कात या डबीत आहे.

पण टाचणे, तो हिरवाच होता का, ते मला सांगता येत नाही. ताज्या चतुराचे डोळे दुधी असतात, आणि माझे चष्म्याचे. ते तू भिंगाखाली बघ.

डबीत काय निघेल ते निघो. हिरवा निघाला तर एकाच कातीवर बोल, साहेब हसले तरी. नाही निघाला तर दलदल माझ्यामुळे गेली, असं समज. पण त्या अकरांवर शपथ घेऊ नकोस. चूक कुणाची असं विचारलं, तर माझं पूर्ण नाव सांग.

यावेळच्या चिठ्ठीवरचं अक्षर तुला लागणार नाही. शाई फुटली आहे, एक कोपरा चिखलात गेलाय. तिथंच लिहिली.

तुझा,
दादा