महाराजांशिवाय किल्ला

१० ऑक्टोबर, शुक्रवार
अंतरा दिवाळीत दोन दिवस माझ्याकडे राहायला येणार! आईच्या घरून, कोलशेतहून स्वतः फोन केला. शाळेत युरोपातले किल्ले चाललेत म्हणाली. म्हटलं, मग यंदा बिल्डिंगखाली तसलाच बांधू. "चालेल," म्हणाली. एका 'चालेल'वर संध्याकाळभर खूष आहे. बापाने एवढं हुरळावं?

१२ ऑक्टोबर, रविवार
जर्मनीतल्या एका किल्ल्याची माहिती काढली. बांधला सरदाराने, मग बिशपने घेतला. पुढे फौज, तुरुंग, क्षयाचं इस्पितळ. रोग्यांना ऊन मिळावं म्हणून इस्पितळवाल्यांनी तटातच मोठ्या खिडक्या फोडल्या! आता हॉटेल — लोक लग्नं लावतात तिथे. अंतरासाठी सगळं क्रमाने अकरा कार्डांवर लिहिलं. फोटो पाठवले. तिने पाहिले, उत्तर नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार
विटा, पोती, लाल माती. हळीव पेरलं, ती येईपर्यंत हिरवं व्हावं. तळमजल्यावरच्या सुमतीकाकू बघायला आल्या. "महाराज कुठे बसवणार रे?"
म्हटलं, काकू, हा जर्मनीतला आहे.
"महाराजांशिवाय किल्ला? मग बंगला म्हण की!"
बिल्डिंगमधल्या पोरांनी आणलेले मावळेही मी परत केले. चूक ती चूक. पण त्यांची तोंडं उतरली. मी बरोबर होतो की नुसता हट्टी?

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
आसावरीचा फोन. "अंतराचा जादा क्लास आहे रे, नाही जमणार." ऐन दिवाळीत क्लास! घटस्फोटाला दोन वर्षं झाली, कारणं तीच — क्लास, ताप, मैत्रिणीचा वाढदिवस. ओरडलो. तू तिला माझ्यापासून तोडतेयस, म्हणालो. "ठेवते," एवढंच म्हणाली. म्हणजे खरंच असणार.

१९ ऑक्टोबर
हळीव उगवलं.

२० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी
अभ्यंगस्नान. पाठीला तेल हात पोचला तेवढंच.

२१ ऑक्टोबर
अंतराचा आवाज, मेसेजमध्ये. तीनदा ऐकला. "बाबा, तू आईला ओरडलास ना? ती रडत होती. क्लास नाहीये. कधीच नसतो. मीच तिला सांगते, काहीतरी कारण दे. ह्या वेळी मला खरंच यायचं होतं, पण तू ती कार्डं पाठवलीस. तू खेळतच नाहीस रे, शिकवत बसतोस. आई म्हणते, बाबाला कळू देऊ नको, त्याला लागेल."

आसावरीला फोन लावला. "थांब, अंतराला देते," ती सवयीने म्हणाली.
म्हटलं, नको. तुझ्याशीच बोलायचंय.