हवेत टांगायची होडी

पार्से, पेडणे
१३ नोव्हेंबर २०२४

ती. सगुणदादास,
धाकूचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे बरे आहोत. तू आणि चंद्रावतीवयनी बरी असाल. आज तुळशीचं लग्न. ऊस, आवळा, चिंच सगळं मिळालं, फक्त वृंदावन रंगवायचं राहिलं, म्हणून सकाळपासून घरात बोलणी खातोय. तुमच्या सर्वणला भात कापून झालं का?

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून तू चष्मा पुसशील. फोन केला असता, पण तू हॅलो म्हणणार, मी हॅलो म्हणणार आणि पुढे दोघेही मुके.

कामाचं सांगतो. आपल्या तरीवर, बाबा होडीने माणसं पलीकडे सोडायचे तिथेच, सात मजल्यांची बिल्डिंग झाली आहे. फ्लॅट कसले, बंगलेच एकावर एक. आणि सगळं जहाजासारखं! पांढरंशुभ्र अंग, बाल्कन्यांना डेकसारखे कठडे, गोल खिडक्या, गच्चीवर धूर न येणारं धुराडं. पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं निमुळतं काढलंय आणि तोंड केलंय रस्त्याकडे, का तर येणाऱ्या गाड्यांना दिसावं. नदीकडे पाठ करून उभं राहिलेलं जहाज मी जन्मात पाहिलं नव्हतं. गोल खिडक्या तर उघडतही नाहीत. पण खोटं कशाला बोलू, काम सुबक आहे. जिन्याचा सागवानी कठडा मीच केला. त्यावरून हात फिरवला की बरं वाटतं.

आराखडा काढणाऱ्या अंकिता मॅडम मुंबईच्या. पोर वाईट नाही, मला काका म्हणते. पुलाआधी लोक नदी कशी ओलांडायचे ते तासभर विचारत बसली. मग म्हणाली, लॉबीत छताला एक खरी जुनी होडी टांगायची आहे, कुठे मिळेल?

आमची गौरवी हॉटेलचं शिकून दीड वर्ष घरी बसलीय. त्याच लॉबीत रिसेप्शनवर जागा भरायची होती.

तू समजला असशील. हो दादा, बाबांची होडी मी दिली. पैसा घेतला नाही, पोरीसाठी नोकरी मागितली. मॅडमने विचारलं, हिच्यावर आणखी कुणाचा हक्क आहे का? मी म्हटलं, होडी माझी एकट्याची.

बाबांच्या बाराव्यानंतर तू ती मयेच्या तळ्यावर नेतो म्हणालास, पर्यटकांना फिरवायला. खाणी बंद पडून तुझा ट्रक दारात उभा होता, घरात दोन पोरं. आणि मी अंगणात, चार माणसांदेखत म्हटलं, "बापायची होडी शोभेक नाय." शोभेला नाही, हे शब्द मला पाठ आहेत, तुला तर असतीलच. तू निदान तिला पाण्यात ठेवणार होतास. मी छताला टांगायला निघालोय. लाज वाटते रे दादा.

आता माझा गाढवपणा ऐक. मला सांगितलं होतं नुसतं घासून पॉलिश मारायला. मी आठ दिवस बसून प्रत्येक फटीत कापूस ठोकला, राळ भरली, तळाला काजूच्या टरफलाचं तेल चढवलं. शेडभर वास सुटला. सुपरवायझर तणतणला. मॅडम म्हणाली, काका, हवेतल्या होडीत पाणी कुठून शिरणार? होडी समोर आली की हात दुसरं काही करतच नाहीत.

घरी येऊन गौरवीला नोकरीचं सांगितलं. वाटलं, उडी मारील. तिने एवढंच विचारलं, "काकांक इचारलात?" तुला न विचारता टांगली तर आपण त्या होडीखाली बसणार नाही, म्हणाली. नऊ वर्षांत तिने तुझं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं विसरली. माझ्या भीतीने काढत नव्हती.

तुला माहीत आहे, होडी जागची हलवायची तर नाळेवर घरातल्या थोरल्याचा हात, मागे धाकट्याचा. बाबा तापाने फणफणलेले असतानाही काठावर येऊन हात लावून जायचे. परवा मी एकटाच नाळेवर नारळ फोडायला गेलो. जमलं नाही. नारळ पिशवीत तसाच आहे.

मग मॅडमला खरं सांगितलं, की अर्धी होडी माझ्या दादाची. ती रागावली नाही. क्रेन शुक्रवारी २२ तारखेला येते, तोवर विचारा म्हणाली. गौरवीच्या नोकरीबद्दल मात्र काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

तू हो म्हणालास तर टांगू. मयेला न्यायची म्हणालास तर टेम्पो मी आणतो, पोरीसाठी दुसरीकडे बघू. काल होडीत बादल्या बादल्या पाणी ओतून पाहिलं, खाली थेंब पडला नाही.

काहीही ठरव, पण उत्तर लिहू नकोस, ये. वयनीला घेऊन ये. तिच्या हातचं खतखतं खाऊन किती वर्षं झाली.

नाळ तुझ्यासाठी मोकळी ठेवून, मागे उभा असलेला
तुझा धाकू