आत्यांना उचलायचं म्हणून डंबेल

८ सप्टें., सोमवार
दुपारी आत्यांना कॉटवरून खुर्चीत घेताना आम्ही दोघी खाली. आधी मी, माझ्या अंगावर त्या. खुब्याच्या ऑपरेशनला धक्का लागला नाही, देवाची कृपा. शेजारच्या वहिनींना हाक मारली, दोघींनी मिळून उचललं.
"मी काय ज्वारीचं पोतं हाय का गं? दानकन् आपटलंस!" आत्या वर हसतात. मला रडू येत होतं. सासूला पाडणारी सून म्हणून केडगावात नाव काढणार मी.
हे कंपनीतून आल्यावर सांगितलं. मणक्याच्या ऑपरेशननंतर ह्यांना बादलीसुद्धा उचलायची नाही. सांभाळायला येणारी बाई गणपतीला गावी गेली ती गेलीच. राहता राहिले मी.

९ सप्टें.
पुण्याहून भाऊजींचा फोन. कालचं ह्यांनी सांगितलेलं दिसतं. "वहिनी, तुम्हाला दोष नाही. पण इथं एक केंद्र बघितलंय. नर्स असतात, सगळं असतं. दसऱ्याला येतो, आईला घेऊन जातो." धाकटा दीर, पण बोलतो मोठ्यासारखा. चुकीचं बोलत नाही, हाच तर त्रास.
आत्यांनी ऐकलं. "मला न्हाई जायचं तिकडं. हितंच ऱ्हाऊ द्या. पडले तर पडले." मग भिंतीकडे तोंड.
फोन परत लावला. दसऱ्याला मी तुमच्यासमोर एकटीने उचलून दाखवते म्हटलं. नाही जमलं तर न्या. बोलून बसले. आता निस्तरा!

११ सप्टें., गुरु.
फिजिओ मॅडम आल्या. आत्यांच्या कमरेला उचलायचा पट्टा कुठे बांधायचा, गुडघे कुठे टेकवायचे, सगळं दाखवलं. कमरेतून वाकायचं नाही, माणूस छातीशी घ्यायचं, मांड्यांच्या जोरावर उठायचं. मला कळलं. जमलं नाही. शिवाय आत्या पडल्यापासून घाबरल्यात, हात लावला की लाकडासारख्या ताठ होतात.
मॅडम म्हणाल्या, "युक्ती आली तुम्हाला, ताकद नाही. दिवसभर मशीनवर बसून मांड्या गेल्यात." खरंय. ब्लाऊज शिवून मनगटं तेवढी बरी.
हातात वजन घेऊन उठाबशा. हळूहळू वजन वाढवायचं. जिमला जा म्हणाल्या. आत्यांना कोणाच्या भरवशावर टाकू? मग म्हणाल्या, वजन बदलता येणारे डंबेल आणा, घरीच करा. एकच जोडी, पुढेही पुरेल. "पण तीन आठवड्यांत चमत्कार होणार नाही हं."
बघू.

१३ सप्टें., शनि.
ब्लाऊज ४ कापले, शिवला एकही नाही. मोबाईलवर डंबेल बघत बसले. डोकं फिरलं. एक प्रकार चकतीवाला, चकती फिरवली की हवं तेवढंच वजन उचललं जातं. दिसायला देखणा. व्हिडिओतली मुलगी लिपस्टिक लावून उचलते, घामाचा थेंब नाही. दुसरा साधा. दांडा, त्यात लोखंडी प्लेटा ओवायच्या, दोन्ही टोकांना नट पिळायचा. तिसरा प्लॅस्टिकचा, आत सिमेंट. तो आत्यांनीच निकालात काढला. "शिमेटाचं काय उचलायचं? आपटलं की भुगा."
सगळं ऐकून झाल्यावर त्यांचा प्रश्न, "आगं पर वजन इकत घ्यायचं कशाला? आमी हंडे भरून आनायचो, फुकाट."
म्हटलं आत्या, आता नळ घरात आलाय.

१५ सप्टें., सोम.
शेजारच्या वहिनींना आत्यांजवळ बसवून नगरला गेले. दुकानदार म्हणाला, "मुलासाठी का ताई?" मला, म्हटलं. तो माझ्या हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिला. मग गुलाबी रंगाची इवलीशी जोडी काढली. म्हटलं दादा, मला माणूस उचलायचाय, बाहुली नाही. तेव्हा कुठे नीट बोलायला लागला.
चकतीवाला हातात धरून बघितला. कमी वजनालाही लांबी तेवढीच, उठताना मांडीला घासतो. आणि वजन एकदम मोठ्या उडीने वाढतं. मला तर चमच्याचमच्याने वाढवायचंय. आतली दातेरी चकती तुटली तर? "कंपनीला पाठवावं लागेल." म्हणजे झालं कल्याण.
नटवाला घेतला. दांड्याची मूठ माझ्या हातात बसते. लहान प्लेटा वेगळ्या मागून घेतल्या. वजन बदलायला वेळ लागतो, हा एक तोटा. पण उघडं यंत्र आहे, काय कुठे आहे ते दिसतं. ज्याचे आटे दिसतात त्याची मला भीती वाटत नाही.
रिक्षावाल्याने पिशवी उचलली आणि "काय दगडं भरलीत का?" म्हणाला. घरी येईपर्यंत हसू येत होतं.

१७ सप्टें.
पहिला दिवस. सगळ्यात हलक्या प्लेटा. पाच-सहा उठाबशांत पाय लटपट. आत्या कॉटवरून हुकूम सोडतात, "खाली बस की अजून! भाकरी थापायला बसल्यावानी बस!" त्यांचं बरोबरच होतं. मॅडमनी तेच सांगितलेलं.

१८ सप्टें.
जिना चढताना आईगं आईगं. मशीनचं पायडल हलवता येईना. गिऱ्हाइकाला पाय मुरगळलाय सांगितलं. डंबेल मारते म्हणून कोण सांगणार?

२२ सप्टें., घटस्थापना
घट बसवले. उपास धरला नाही, यंदा पहिल्यांदाच. उपाशीपोटी वजन उचलायचं नाही असं मॅडमनी बजावलंय. आत्यांना भीतभीत सांगितलं. म्हणाल्या, "देवीला कळतंय. खा तू." दोन अंडी उकडून मागच्या खोलीत खाल्ली. नवरात्रात! मला वाईट वाटलं, पण खाल्ली.

२६ सप्टें., शुक्र.
एक एक लहान प्लेट वाढली. उठताना आता टेबल धरावं लागत नाही. मांडीत काहीतरी घट्ट लागतं हाताला. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "पैलवान झाली माझी बायको." लाजले चक्क.
संध्याकाळी आत्यांना उचलायचा प्रयत्न. बूड गादीवरून सुटलं, बोटभर. तेवढ्यात त्या ताठ झाल्या, "पाडतीस पाडतीस!" म्हणून ओरडल्या. खाली ठेवलं. पण सुटलं होतं!

२८ सप्टें., रवि.
परत. नाही सुटलं. चिडचिड. ह्यांच्यावर उगाच ओरडले, भाजीत मीठ नाही म्हणाले म्हणून.

१ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी मशीन पुसलं, खाचाखाचांत तेल सोडलं, कात्री, टेप, सुयांची डबी पाटावर मांडली. आत्या म्हणाल्या, "आन् ती वजनं? ती पन हत्यारंच हायती तुजी. आन हिकडं." मला पटलंच. डंबेल खोलले, प्लेटा घासल्या, दांड्याच्या आट्यांना मशीनचं तेल लावलं, गंजू नयेत म्हणून. चांगलं भरपूर. जुळवून पाटावर ठेवले. आत्यांनी कॉटवरूनच हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडले. "हिला बळ दे गं माय."
इतक्या वर्षांत माझ्यासाठी काही मागताना पहिल्यांदा ऐकलं.
पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. सुट्टी. बरंच झालं, उद्या भाऊजी यायचेत, पायांना आराम.

२ ऑक्टो., दसरा
पाय वर करून लिहितेय.
भाऊजी यायच्या आधी थोडं अंग मोकळं करावं म्हणून डंबेल घेतला. उठाबशीत नट फिरत फिरत गेला आणि प्लेट निसटली. डाव्या पायाच्या अंगठ्यावर. कळ मस्तकात. तेल! नट धरणार कशावर? मशीनला तेल लावायचं आणि नटाच्या आट्यांना नाही, एवढी अक्कल नसावी? रोज नटबोल्ट पिळणारी बाई मी. पूजेच्या नादात सगळ्याच लोखंडाला एकच न्याय लावला.
अंगठा वांग्यासारखा. डॉक्टर म्हणाले मोडला नाही, चीर असेल, आठवडाभर जोर द्यायचा नाही.
भाऊजी दारात सोनं घेऊन आले आणि बघतात तर मी लंगडतेय. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. "वहिनी, पुरे आता."
मी म्हटलं, नंतर उचलून दाखवते, आठ दिवस द्या. तर आत्याच म्हणाल्या, "न्हाई. मी जाती. माज्यापायी पोरीचा पाय गेला, उंद्या कंबर जाईल. चल रे, गाडी आन."
सगळ्यांनी मिळून गाडीत बसवलं. जाताना माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. पदर डोळ्यांना.

४ ऑक्टो.
कॉट रिकामी. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सुटलात बाई." एक क्षण मलाही तसं वाटलं होतं, गाडी वळल्यावर. लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.
आणि दुसरा क्षण आल्यापासून नुसती घर झाडतेय.

६ ऑक्टो., कोजागिरी
भाऊजींचा फोन. आई जेवत नाही. नर्स चांगल्या आहेत, स्वच्छता आहे. पण ती सगळ्यांना केडगावची गाडी कधी आहे विचारते. बोलता बोलता भाऊजी थांबले. नाक ओढल्याचा आवाज आला.
दूध आटवलं नाही.

९ ऑक्टो., गुरु.
आटे रॉकेलने धुतले, कपड्याने कोरडे केले. नट जीव खाऊन पिळले, वरून हलवून हलवून बघितले. अंगठा दुखतो, पण टाच टेकवून उठता येतं. मॅडमना फोन केला. आधी ओरडल्या. मग म्हणाल्या, दुखलं की थांबायचं, कबूल? कबूल. आत्यांच्या कॉटसमोरच उठाबशा काढल्या. हुकूम सोडायला कोणी नाही. पाठ वाकली तर कळत नाही.

१३ ऑक्टो., सोम.
भाऊजी: "वहिनी, वसुबारसेला आणून सोडू का? पण खरं सांगा. झेपेल? परत पडली तर ऑपरेशन दुसऱ्यांदा होणार नाही म्हणालेत डॉक्टर." उद्या सांगते म्हटलं.
हो म्हणायला जीभ वळवळत होती. पण भाऊजींनी विश्वास टाकलाय, नुसत्या शब्दावर म्हातारं माणूस पाडायचं नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.
ह्यांना म्हटलं, तुम्ही आत्या व्हा. कॉटवर बसवलं, पट्टा बांधला. अंग सैल सोडायचं नाही, ताठ व्हायचं, आणि पायाने जोर अजिबात लावायचा नाही, बजावलं. हे आत्यांपेक्षा चांगलेच जड.
गुडघे लावले, छातीशी घेतलं, मांड्यांवर जोर. उठले! अर्धं वर्तुळ फिरले आणि अलगद खुर्चीत. हे आपटले नाहीत. अंगठ्यात कळ आली, पण उभी होते मी.
हे टाळ्या वाजवायला लागले. मी म्हटलं, "खरं सांगा. पाय टेकवून जोर लावलात का?"
हसले.
"देवाशप्पथ सांगा हो, तुमच्या आईचा प्रश्न आहे."
हसणं थांबलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आई घरी यायला पाहिजे गं."
म्हटलं, परत बसा कॉटवर. पाय वर उचलून धरा, जमिनीला लागता कामा नये.
बसलेत. मी दम घेतेय, तेवढ्यात हे लिहिलं. भाऊजींचा फोन वाजतोय. वाजू दे. आधी ह्यांना उचलते.