विष्णू वैरागडेच्या हृदयाची पट्टी

कांचघर, जबलपूर
दि. २१ डिसेंबर १९७१

प्रति,
मा. महाव्यवस्थापक साहेब,
संरक्षण साहित्य कारखाना क्र. ७, जबलपूर.

विषय: ई.सी.जी. यंत्राला विनापरवाना हात लावल्याबद्दल मला दिलेल्या मेमोचे उत्तर.
संदर्भ: आपला मेमो, दि. १६ डिसेंबर.

महोदय,

याच प्रकरणी केलेल्या माझ्या हिंदीतल्या दोन अर्जांना उत्तर आले नाही. आपण मराठी आहात, म्हणून हा तिसरा मराठीत.

१. मी कारखान्यात विद्युत मिस्त्री आहे. दवाखान्यातले ई.सी.जी. यंत्र सहा वर्षे मीच दुरुस्त करतो. २९ नोव्हेंबरला लेथवरचा माझा सोबती विष्णू वैरागडे छातीत धडधडते म्हणून तिथे गेला. पट्टीवर ठोके वेडेवाकडे उमटले. डॉक्टरसाहेब म्हणाले, ही शेजारच्या मशीन-शॉपमधल्या विजेची खरखर आहे. शेरा लिहिला: "कामचुकार. ड्यूटीस योग्य."

२. साहेब, विजेची खरखर मला ओळखू येते. ती सेकंदाला पन्नास वेळा, एकसारखी येते. पट्टीच्या एका बारीक चौकटीत तिचे नेमके दोन दात बसतात. ते दात होतेच. पण खरखर दोन ठोक्यांमधले अंतर बदलत नाही, आणि इथे ते दर ठोक्याला बदलत होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, शॉपमधली सगळी यंत्रे बंद असताना, मी अर्थिंगची तार नीट बसवली आणि विष्णूची पट्टी पुन्हा काढली. दात गेले, रेष स्वच्छ आली. अंतरे मोजली: चौदा चौकटी, तेवीस, अकरा, सतरा. दोष यंत्रात नव्हता, त्याच्या हृदयात होता.

३. ती पट्टी घेऊन गेलो, तर डॉक्टरसाहेब न बघताच म्हणाले, "मिस्त्री, तुम पंखा ठीक करो." विष्णूच मला म्हणाला, "काहून भांडून राहिला मुरलीभाऊ? लढाई तोंडावर आहे, सुट्टी कोण देते?" तो कामावर गेला. ८ डिसेंबरला बारा तासांच्या पाळीत लेथपाशीच कोसळला. हृदयातली गुठळी मेंदूत गेली. उजवे अंग गेले, वाचा गेली. वय चौतीस.

४. आणि आपल्या कार्यालयाने काय केले? त्याला "विनापरवाना गैरहजर" ठरवले. पहिली पट्टी "अस्पष्ट" म्हणून फाडली. मेमो माझ्या हाती पडला तेव्हा ऑफिसात विजयाचे पेढे वाटणे चालू होते.

५. विष्णूची बायको विनतावहिनी काल दुसरी पट्टी घेऊन शहरातल्या एका हृदयतज्ज्ञांकडे गेल्या. तज्ज्ञांनी पट्टीच्या मागे सहीनिशी लिहून दिले: "लय बिघडलेली आहे. त्याच दिवशी भरती करायला हवे होते." नक्कल जोडली आहे. मूळ देणार नाही; आपल्याकडे तीही अस्पष्ट होईल.

६. होय, मी यंत्राला हात लावला. काय शिक्षा करायची ती करा. पण "कामचुकार" हा शब्द खोडा, आणि खोडलेला कागद घेऊन आपण स्वतः त्याच्या खाटेपाशी या. विष्णूला बोलता येत नाही. वाचता येते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
मुरलीधर गणपत डेहनकर
विद्युत मिस्त्री

सोबत: पट्टीची व तज्ज्ञांच्या अभिप्रायाची नक्कल.